स्टेनोल्फुर खाली आला नाही

आमच्या रेडिओ केंद्रात स्टेनोल्फुरइतका हट्टी माणूस दुसरा नव्हता. सोळा वर्षं त्याच्यासोबत काम केलंय, म्हणून सांगते. चारशे मीटरचा मनोरा रंगवायचा, वरचे दिवे बदलायचे, हे त्याचं काम. चढण्याआधी तो प्रक्षेपण बंद करायला लावी आणि यंत्राची एकुलती एक किल्ली खिशात टाकी. तो उतरेपर्यंत कुणाचा बापही केंद्र चालू करू शकत नसे. नियमच तसा होता. प्रक्षेपण चालू असताना सगळ्या मनोऱ्यातच वीज खेळते. पाय जमिनीवर आणि हात मनोऱ्याला लागला, की माणूस संपला.

सख्ख्या भावाशी, क्यार्तनशी, त्याचा नऊ वर्षं अबोला होता. कारण काय, तर एक मेंढा. दोघंही म्हणत, माझा. मेंढा केव्हाच मेला, अबोला मात्र टिकला.

त्या ऑक्टोबरात स्टेनोल्फुर निम्म्या उंचीवर असताना हवामान खात्याचा फोन आला. वादळ अंदाजापेक्षा सहा तास आधीच येणार होतं. समुद्रावरच्या बोटी आमचंच केंद्र ऐकत, आणि त्यांत क्यार्तनचीही होती. मी वॉकीटॉकीवर कळवलं.

"मला उतरायला तास लागेल. बोटींकडे किती वेळ आहे?"

"तेवढाही नाही. आत्ता वळल्या तरच."



"किल्ली टाकतोय. शोध."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तारेवर पक्षी बसतोच ना? जमिनीला पाय लावत नाही, बास. बाई, भांडण नंतर कर."

दोन्ही लाल हातमोज्यांत गुंडाळून त्याने किल्ली टाकली. ती कुंपणापाशी सापडली. ती यंत्रात घालून फिरवली. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. इशारा दहा वेळा वाचला. चाळीस मिनिटं तो उघड्या हातांनी त्या लोखंडाला धरून वाऱ्यात बसला. मग केंद्र बंद केलं, तेव्हा उतरला. गार लोखंडाने तळवे फोडांनी भरले होते.

संध्याकाळी बंदरातून क्यार्तनचा फोन आला. सगळ्या बोटी परतल्या होत्या. मी घडलं ते सांगितलं. तो म्हणाला,

"त्या गाढवाला म्हणावं, हातांना लोणी लावू नकोस, माशाचं तेल लाव."

"तूच सांग," म्हणून मी फोन स्टेनोल्फुरपुढे नेला. त्याला धरता येईना, म्हणून त्याच्या कानाशी लावून उभी राहिले. दोघं भाऊ पाऊण तास बोलले, तेही फक्त तेलाबद्दल. माझा हात अवघडून गेला, पण मी फोन हलू दिला नाही.