नसलेल्या हायड्रोजनचा सत्कार

माझा सत्कार ठरला होता त्याच दिवशी सकाळी मला कळलं की माझा शोध खोटा आहे.

तीन वर्षं मी दूरच्या रेडिओ दीर्घिकांमध्ये थंड हायड्रोजन वायू शोधत होते. अशा दीर्घिकेच्या गाभ्यातून रेडिओ लहरी निघतात. वाटेत थंड हायड्रोजन असला तर तो त्यातल्या ठरावीक लहरी गिळतो आणि आलेखात छोटा खळगा पडतो. एकामागून एक दीर्घिका कोरड्या गेल्या. अखेर एकीत खळगा दिसला. माझे मार्गदर्शक इतके हरखले की पुन्हा निरीक्षण होण्याआधीच त्यांनी वर्तमानपत्रांना बातमी दिली. थांबा, असं मी म्हणाले नाही. बातमीत मार्कंड्याजवळच्या आमच्या गावाचं नाव होतं, म्हणून तालुक्याच्या कॉलेजनं सत्कार ठेवला.

मी गावी आले होते. ओसरीवर लॅपटॉप उघडून नव्या निरीक्षणाचा आलेख पाहिला. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे काही महिन्यांनी पाहिलं की आकाशातला खरा खळगा थोडा सरकलेला दिसतो. हा केसभरही हलला नव्हता. म्हणजे तो आकाशातला नव्हताच. जमिनीवरच्या कुठल्यातरी ट्रान्समीटरचा गोंधळ होता.

मी मार्गदर्शकांना फोन लावला.

"पाहिलं मी," ते म्हणाले. "आठवडा झाला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुझा कार्यक्रम होता ना. होऊन जाऊ दे. नंतर हळूच कुठेतरी खुलाशाची एखादी ओळ टाकू. असलं कुणी लक्षात ठेवत नाही."

आवाज मायेचा होता. मी फोन ठेवला. सगळं कळूनही साडी नेसले आणि गेले.

बाबा पहिल्या रांगेत, दीक्षाभूमीला जाताना घालतात तो पांढरा शर्ट घालून बसले होते. अध्यक्ष म्हणाले, आमच्या लेकीनं आकाशात गॅस शोधला, उद्या तो घराघरात येईल. मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा निदान त्यावर विश्वास होता. नव्या शालीला प्लास्टिकचा वास येत होता. अध्यक्षांनी तोंडात पेढा कोंबला.

मग मी दहा मिनिटं बोलले. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला शिसारी येते. "आम्हाला एक खळगा दिसला," मी म्हणाले. दिसला होताच. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तो हायड्रोजनच हाये हे कसं समजते?"

"निरीक्षणं चालू आहेत," मी म्हणाले. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

घरी आले तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. मी दोघांना सगळं सांगितलं. आईचं सूप थांबलं.

"मंग तिथीच काऊन नाई सांगितलं?"

"सगळे खुश होते, आई."

"खुश होते म्हणून खोटं ठेवाचं?"

बाबांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. मग म्हणाले, "उद्या चाल माह्यासंगं. त्यायले सांगून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजात गेलो. प्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम, गावाचं नाव झालं." बाबा खुर्चीवरून उठेनात, तेव्हा त्यांनी मुलांसमोर एक तास दिला. मी फळ्यावर दोन्ही आलेख काढले, खळगा का हलायला हवा होता ते सांगितलं, आणि काल मला हे ठाऊक होतं, हेही सांगितलं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. बरं वाटलं नाही. वाटायलाही नको होतं.

त्याच दुपारी शोधात सहभागी असलेल्या सगळ्यांना मी पत्र पाठवलं. मार्गदर्शकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पुढचं काम मी दुसऱ्या एका मार्गदर्शक बाईंकडे पूर्ण केलं. प्रबंधात त्या दीर्घिकेपुढे 'हायड्रोजन आढळला नाही' असं लिहिलं आहे. पहिले मार्गदर्शक मात्र आजही व्याख्यानांत तोच आलेख दाखवतात आणि त्याला 'संभाव्य' म्हणतात. कॉलेजच्या भिंतीवर माझा शाल पांघरलेला फोटो आहे. काढा, असं मी दोनदा सांगितलं. मागच्या खेपेला गेले तेव्हा त्याला नवी काच बसवली होती.