एसटीतला अर्धा तास

आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

धारूरला माझं क्लिनिक आहे, मी सायकॉलॉजिस्ट. सिरसाळ्याच्या सुमनकाकूंना एसटीची धास्ती. एकदा गर्दीत जीव घाबरला, तेव्हापासून त्या एसटीत बसल्याच नाहीत; माझ्याकडेही लेकाच्या मोटरसायकलवर यायच्या. आठ महिने मी त्यांना धीर दिला, श्वासाचे व्यायाम शिकवले. टाळलं की भीती वाढते, हळूहळू तिला सामोरं जावं लागतं, हे संशोधन मला कॉलेजपासून पाठ आहे. तरी तसं करायला सुरुवात केली तीन आठवड्यांपूर्वी. आधी नुसतं स्टँडवर उभं राहिलो, मग थांबलेल्या गाडीत बसलो.

आज चालत्या एसटीत अर्धा तास. काकू घामाघूम झाल्या, माझा हात घट्ट धरला, पण मधेच उतरल्या नाहीत.

खाली आल्यावर लई हसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, हे तुमाला आदी म्हाईत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग कावून न्हाई केलं? बहिणीच्या लेकीचं लगीन लांब हुतं, एसटीपायी हुकलं की ओ माझं."

त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे घाबरून त्या यायच्याच बंद होतील, ही भीती माझी होती.

माझ्या पेशातल्या मित्रांनो, वाचलेलं पेशंटपर्यंत पोचायला तुमच्याकडे किती दिवस लागतात? मला आठ महिने लागले. तेवढ्यात एक लग्न होऊन गेलं.