पडक्या चौकटीला सलाम

बंगल्याचं दार कधीच गेलं होतं, नुसती चौकट उरली होती. तरी आत शिरण्याआधी इंग्रज साहेबाचा तो जुना नोकर तिला सलाम ठोकायचा. "साहेब आत बसून राह्यला," असं हळूच सांगायचा. आत गवत होतं आणि कुणाची तरी शेळी.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, मालक गेला तरी पाठ सरळ न झालेला. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. वडिलांची सिरोंच्याला बदली झालेली, मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुटीवर. पाहुणे आले की नदीकाठची पडकी इंग्रजी वस्ती दाखवायला त्यालाच बोलवत. मी मागून मुकाट चालायची. हसायची नाही, एवढीच माझी सभ्यता.

"इथी मडम नाचे," तो सांगे. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या अजून शाबूत होत्या.

वस्तीच्या टोकाला शेंदूर थापलेली एक बुटकी समाधी होती. तिथल्या साहेबाला नवसाची कोंबडी लागते, असं त्यानेच पसरवलेलं. कोंबडी शिजे त्याच्या घरी. एकदा शेंदराचा पापुद्रा निघाला होता, तेव्हा खालची इंग्रजी अक्षरं मी वाचली. तिथे साहेब नव्हताच. साहेबाचा कुत्रा होता.

पुढे एकदा आम्ही तिथे असतानाच मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी एक बाई आली. पोराचा ताप हटत नव्हता. काखेत तिची एकुलती कोंबडी. त्याने हात पुढे केला.

मी चारचौघांत बोलत नसे. तेव्हा बोलले. "बाई, देऊ नका. इथे कुत्रा पुरलाय. दगडावर लिहिलंय."

"टायगर," तो म्हणाला. नाव मी उच्चारलंही नव्हतं. "मीच पुरला त्याले. मीच चारत होतो. माह्या पोराले पेज नाई भेटे, त्याले रोज मटन!"

हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

"काऊन रे भाऊ, कुत्र्याच्या नावानं तू कोंबड्या खाऊन राह्यला?" बाईने कोंबडी परत काखेत दाबली. "हिचा रस्सा मी पोरालेच पाजतो." आणि ती तरातरा निघून गेली.

पुढच्या सुटीत तो नव्हता. पावसाळ्यात वारला म्हणाले. समाधीवरचा शेंदूर मरण्याआधी त्यानेच खरवडून काढला होता. कुत्र्याचं नाव लख्ख दिसत होतं.

परतताना वडिलांचा नवा शिपाई त्या चौकटीशी थबकला आणि त्याने सलाम ठोकला.

आत शेळी होती.