गोमीचा धूर

वडूजच्या स्टँडवरून साताऱ्याची पहिली एसटी धरली. पिशवीत एक लुगडं, गुडघ्याचं मलम आणि मिसरीचा डबा (मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, बाया दातांना लावतात). मिसरी गोमीसाठी होती.

गोमी कातकरीण, कोयनेच्या पाण्यापलीकडच्या डोंगरातली. दिवाळीनंतर तिच्या वाडीची माणसं आमच्याकडे येरळेकाठच्या वीटभट्टीवर यायची. पाऊस दगा द्यायचा तेव्हा मीही भट्टीवर जायचे. डोक्यावर विटा घेऊन आम्ही दोघी मागेपुढे चालायचो आणि दुपारी एकाच डब्यातली मिसरी लावत बसायचो. सख्ख्या बहिणीशीही मी तेवढं बोलले नाही. करोना आला, भट्टी बंद पडली, ती माणसं चालत डोंगरात गेली. त्यानंतर त्या वाडीतलं कोणी आलंच नाही. गोमी आहे की गेली, हे सांगणारं मला कोणी भेटेना. म्हटलं, पाय चालतायत तोवर आपणच बघून यावं.

साताऱ्यात गाडी बदलली. स्टँडवरचा चहा म्हणजे नुसतं गोड पाणी. बामणोलीची गाडी घाट चढू लागली तशी दोन्ही बाजूंना दाट झाडी आली. आमच्या खटाव तालुक्यात एवढी सावली सबंध गावाला मिळून नाही. एवढं रान सोडून आमच्या माळावर विटा थापायला कशाला येता, असं मी गोमीला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, “झाडं बघून प्वाट भरतंय व्हय?”

बामणोलीत लाँचमध्ये बसले. लाँचवाल्यानं विचारलं, “आज्जी, देवाला का?”

“देव घरी हाय. कातकऱ्यांच्या वाडीत माणूस बघाय चाललेय.”

“त्या वाडीत? कोण हाय तुमचं तिथं?”

“मैतरीण हाय.”

“कातकऱ्यांत?” तो हसला.

“मग काय लाँचवाल्यांत करू?”

बाकीचे हसले. तो इंजिनाकडे बघू लागला. पलीकडे उतरताना मी चिखलात घसरले आणि दुखरा गुडघाच दगडावर आपटला. त्यानंच धावत येऊन मला उठवलं.

चढ संपायला दुपार झाली. वाडीत पहिली दिसली ती बारकी, गोमीची लेक. वीस-बावीस वर्षांमागे भट्टीवर ती आईच्या पाठीला बांधलेली असायची. आता तिचीच पोर अंगणात कोंबड्यांमागे पळत होती.

“गोमी कुठाय?”

“आदी जेव मावशी,” ती म्हणाली. तेव्हाच मला कळलं.

नाचणीची भाकरी आणि खेकड्याचा झणझणीत रस्सा होता. मी पोटभर जेवले. भूक लागली होती.

मग तिनं मला सड्यावर नेलं (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ). समोर दरी, पलीकडे उतार. तिथं एक आंब्याचं झाड.

“त्या आंब्याबुडी हुती आय.”

या वाडीची जुनी रीत आहे. साथ आली की एकत्र राहायचं नाही. एकेका घरानं रानात लांब लांब पांगायचं. सकाळी प्रत्येकानं विस्तवावर ओला पाला टाकून धूर करायचा आणि एकानं सड्यावरून बघायचं. धूर दिसला की ते घर बरं आहे, तिकडे जायचं नाही. धूर नाही दिसला, तर मदतीला जायचं. करोना इथवर चढला तेव्हाही त्यांनी तेच केलं.

“आयचा धूर रोज दिसायचा,” बारकी म्हणाली. “सगळ्यांच्या आदी. म्या म्हणायची, आय ठणठणीत हाय. एक दिस न्हाई दिसला. पळत ग्येलो, तर संपलेली. चूल आंथरुणाला लागून केलती, पडल्या पडल्या पाला टाकाय यावा म्हणून. पाल्याचा ढीग उशाला. पाण्याचं मडकं कोरडं ठाक.”

“तुझी पोर तवा अंगावर पीत असंल.”

“व्हय. म्हणूनच येऊ दिलं न्हाई तिनं.”

“शानी होती.”

“शानी कसली? लबाड!” ती माझ्यावरच ओरडली. “धूर न्हाई केला आसता, तर म्या ग्येले आसते. मरायची ती मेलीच आसती. पर पाणी तरी पाजलं आसतं की गं मावशी.”

आम्ही दोघी समोरच्या उताराकडे बघत बसलो. तिथं धूर नव्हता, तरी मी बघत होते. मिसरी बारकीला दिली. आंब्याखाली ठेवून काय करायची? तिनं डबा उघडला, बोटावर घेतली, मग डबा माझ्यापुढे धरला. अगदी आईसारखा.

रात्र बारकीकडे काढून दुसऱ्या दिवशी परत वडूजला पोचले तोवर गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. संध्याकाळी मिरजेहून मुलाचा फोन आला. तिथं त्याचं औषधाचं दुकान आहे. साथीत तो रोज विचारायचा, “आई, बरी हायस न्हवं?” आणि मी सांगायचे, “बरी हाय, तू येऊ नगंस.” तेव्हा मला ताप होता, ते त्याला अजून ठाऊक नाही. साथ गेली, तरी त्याचा प्रश्न तोच आणि माझं उत्तरही तेच.

“आई, बरी हायस न्हवं?”

“न्हाई,” मी म्हटलं. “गुडघा सुजलाय. उठवत न्हाई. ये.”

मग म्हणाला, “खरंच येऊ?”

“ये म्हटलं न्हवं?”

फोन ठेवला. भिंत धरत धरत माठापाशी गेले आणि आत पाणी आहे का ते बघितलं. तळाला होतं थोडं. म्हटलं, आता तो आला की भरेल.