रागाचे तीन सेट

जो गोल झालाच नाही, त्या गोलासाठी मी नाचलो आणि पाय मोडून घेतला.

एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि हसून झाल्यावर ‘अरेरे’ म्हणतो. हा क्रम उलटा झालेला मी अजून पाहिलेला नाही.

घडलं ते असं. फुटबॉलची मॅच, कोल्हापुरातल्या आमच्या शिवाजी पेठेतल्या संघाची आणि पलीकडच्या पेठेतल्या संघाची. मी गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे गेली तीस वर्षं जिथं बसतो तिथंच. लाइनमननं ऑफसाइडचा झेंडा वर केला तेव्हा मी मान खाली घालून तंबाखूचा मावा मळत होतो. मान वर केली तर चेंडू जाळीत. मी उठलो, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागलो. हलगी वाजत नव्हती, शेजारी कुणी उठलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला एकदा नाच आला की बाकीचं दिसत नाही. दुसऱ्या उडीला अर्धा पाय पायरीवर आला, अर्धा हवेत. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. शेजारच्यानं ऐकला, आणि त्याला वाटलं माझा मोबाइल पडला. तो बिचारा बराच वेळ मोबाइल शोधत होता.

चौघांनी मला उचलून खाली आणलं तेव्हा पलीकडच्या गॅलरीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या गॅलरीत माझा मेहुणा होता.

हा माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. राहतो पलीकडच्या पेठेत, धंदा फ्लेक्स छापण्याचा. एरवी माणूस गोड, जेवायला बसला तर माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढणारा. पण मॅचच्या दिवशी आमचं नातं बंद असतं.

घोट्याची दोन हाडं मोडली होती. ऑपरेशन करून आत पट्टी आणि स्क्रू, वर प्लॅस्टर घालून डॉक्टरांनी घरी पाठवलं आणि दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. हातात सासूबाईंनी दिलेला बकऱ्याच्या पायाच्या रश्शाचा डबा. खोलीत शेजारपाजारची पाच-सहा माणसं बसलेली. त्यानं डबा ठेवला, माझ्या प्लॅस्टरवर टकटक केलं आणि म्हणाला, “दाजी, गॅलरी विसरा आता. पुढच्या सीझनला खाली खुर्ची टाकून देतो की, म्हाताऱ्यांच्या लाइनीत. हलगी वाजली की नुसतं मुंडकं हलवायचं.”

सगळे हसले. बायकोनं तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते.

मीही हसलो. आणि हसता हसता ठरवलं की पुढच्या सीझनला मी माझ्या पायानं सगळ्यात वरच्या पायरीवर जाणार, कुणाचा हात न धरता, काठी न घेता. वर पोचल्यावर ह्याला हाक मारून वर बोलावणार आणि विचारणार, खुर्ची आणलीस का. पुढचे अकरा महिने मी ह्या एका वाक्यावर काढले.

आठवड्यानं त्यानं फ्लेक्स लावला. तोही आमच्याच चौकात, आणि शिडी धरायला आमच्याच पेठेतली पोरं. फोटोत मी, दोन्ही हात वर, एक पाय हवेत, तोंड इतकं उघडं की दाढा मोजाव्यात. खाली मजकूर: ‘आमच्या लाडक्या दाजींच्या पायास लवकर आराम पडो. शुभेच्छुक: मेहुणा आणि समस्त मित्र परिवार.’ माझी खाट खिडकीपाशी. खिडकीतून समोर मी. सकाळी डोळे उघडले की मी माझ्याकडं बघून नाचत असायचो.

ह्या काळात मला सगळ्यांनी सकारात्मक राहायला सांगितलं. कागलच्या एमआयडीसीत मी ज्या फाउंड्रीत सुपरवायझर आहे, तिथल्या ग्रुपवर रोज सकाळी उगवता सूर्य आणि त्याखाली सुविचार यायचा. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, रोज आरशात बघून पाच मिनिटं हसायचं, शरीर फसतं आणि बरं होतं. मी केलं. दुसऱ्या दिवशी बायकोनं डॉक्टरांना फोन करून विचारलं की भुलीचा असर डोक्यात किती दिवस राहतो.

सुविचारांनी माझं काही झालं नाही. मी खाटेवर पडून पाया ओरपत होतो, एवढंच. आमच्याकडं हाड मोडलेल्या माणसाला पाया पाजायचाच, हा नियम आहे. भेटायला येणारा प्रत्येकजण डबा घेऊन यायचा. हाडाला हाड लागतं, म्हणायचे. सकाळी पाया, संध्याकाळी पाया, वर भात, आणि सगळे गेले की उशीखालचा मावा. तीन महिन्यांत माझं वजन नऊ किलोनं वाढलं. मला संशय येऊ लागला की सगळ्यात मोठा डबा मेहुणाच आणतो, आणि त्यामागं हेतू आहे.

तिसऱ्या महिन्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. हाडात फट तशीच होती.

“तंबाखू?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

“डाव्या खिशात हाय बगा,” बायको म्हणाली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, अजून दोन महिने बघू. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो. नाहीच जुळलं तर कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथं घालावा लागेल, म्हणजे पुन्हा ऑपरेशन, पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे सीझन गेला, गॅलरी गेली. मला ती खुर्ची दिसली, निळी, प्लॅस्टिकची, आणि तिच्यावर बसून मुंडकं हलवणारा मी. पुडी दवाखान्याच्या दारातल्या बादलीत टाकली. आईनं शपथ घातली तेव्हा सुटला नव्हता, लग्नात सासऱ्यांनी गळ घातली तेव्हा सुटला नव्हता, तो मावा मेहुण्याच्या रागानं सुटला. पहिले पंधरा दिवस मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. तोंडाला काही नव्हतं म्हणून शेंगदाणे आणि शिव्या चघळल्या.

फिजिओथेरपीला एक मुलगी घरी येऊ लागली. मुलगी म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसची, मुरगूडकडच्या जैन शेतकरी घरातली, आवाज मात्र ऊसतोडीवर देखरेख करणाऱ्या माणसाचा. पहिल्याच दिवशी तिनं स्वयंपाकघरातून येणारा वास ओळखला.

“काय शिजतंय, काका?”

“पाया. हाडासाठी.”

“आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या कुणी पाया प्यालेलं न्हाय. आमची माणसं काय लंगडत फिरत्यात व्हय?”

तिनं माझ्या पोटाकडं बघितलं.

“हाड न्हाय जुळलं, पण पोट छान जुळलंय. एवढं वजन तो घोटा कुठं कुठं नेणार?”

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, ताक. रस्सा आठवड्यातनं एकदा, तोही वरचा तेलाचा कट काढून. कट काढलेला रस्सा कोल्हापुरी माणसाला काय वाटतो ते लिहून सांगता येणार नाही. मी तो खुर्ची आठवत गिळायचो.

तिनं एक व्यायाम दिला. पाय उचलायचा आणि अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची, अ पासून ज्ञ पर्यंत. चार दिवस मी इमानानं मुळाक्षरं काढली. पाचव्या दिवशी मेहुण्याचं नाव काढलं. सहाव्या दिवशी नावाच्या पुढं विशेषणं लावली. घोटा सुरेख फिरू लागला. एकदा ती अचानक आली तेव्हा माझा पाय वाक्याच्या मध्यावर होता.

“काका, काय लिवायलाय?”

“शुभेच्छा संदेश.”

तिनं पायाचा वेग बघितला आणि म्हणाली, “लिवा, लिवा. चांगला स्पीड हाय.”

दोन महिन्यांनी एक्स-रेत फट भरत आल्याचं दिसलं. ऑपरेशन टळलं. काठी घेऊन चालायची परवानगी मिळाली. पहाटे उठायचं, गल्लीच्या तोंडाच्या गोठ्यापर्यंत जायचं, म्हशीच्या दुधाच्या वासाकडं पाठ करायची आणि परत यायचं. पाऊस तोंडावर आला होता, चौकातला फ्लेक्स कधीच उतरला होता, आणि मी त्याला विसरत चाललो होतो. एका सकाळी मान वर केली तर गोठ्याच्या छपरावर मी. फ्लेक्स जाड होता, गळतीला उत्तम, कुणीतरी नेऊन टाकला होता. दोन म्हशी, आणि त्यांच्यावर हात पसरून दाढा दाखवणारा मी.

“दादा, तुमच्यामुळं थेंब आत येत न्हाय,” गोठेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर आभार होते.

त्या दिवशी मी एका फेरीच्या तीन केल्या.

इथवर सगळं बरं चाललं होतं, म्हणजे आता मी माती खाणार हे उघड होतं. मेहुण्याच्या मुलीचं बारसं निघालं, पलीकडच्या पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. मी काठी रिक्षात ठेवली. बायको म्हणाली, “अवो, घ्या की ती.” मी म्हणालो, मला गरज नाही. जिना ताठ मानेनं चढलो. मेहुणा दारात होता. पाळण्याच्या गडबडीत त्यानं माझ्या पायाकडं बघितलंसुद्धा नाही. तो बघेल म्हणून मी तासभर उभा राहिलो, बायकांना पाणी दिलं, लहान पोरांना उचललं. उतरताना तिसऱ्या पायरीवर घोटा वाकला. संध्याकाळपर्यंत पाय सुजून दुधीएवढा झाला. रिक्षावाला काठी परत द्यायला घरी आला तेव्हा मी बर्फात पाय घालून बसलो होतो.

तीन आठवडे वाया गेले. त्या फिजिओ मुलीला खरं कारण सांगावंच लागलं. खुर्चीचं सांगितलं, फ्लेक्सचं सांगितलं, शुभेच्छा संदेशाचंही सांगितलं. मला वाटलं, आता ही क्षमा वगैरेवर बोलणार. तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

“राग ठेवा काका, चांगला हाय. पण तो बी वेळापत्रकात बसवायचा. दहाचे तीन सेट. त्याच्यावर एक बी न्हाय.”

मग मी राग बेतानं काढू लागलो. सकाळी जिन्याच्या कडेला टाचा उचलायच्या, दहाचे तीन. संध्याकाळी एका पायावर उभं राहून दात घासायचे. मग उतरण्याचा सराव, कारण चढणं कुणालाही येतं, घोट्याची परीक्षा उतरताना होते. मेहुण्याचा चेहरा फक्त सेटच्या वेळी आणायचा, विश्रांतीत आणायचा नाही. हे फार अवघड गेलं. पण झोप लागू लागली. नऊ किलो गेले, त्यांच्या पाठोपाठ अजून चार गेले. फाउंड्रीत मी जिने चढायला लागलो तेव्हा लोकांनी विचारलं, काय घेताय. मी म्हणालो, ताक. खरं काय घेत होतो ते सांगण्यासारखं नव्हतं.

सीझन सुरू झाला. त्याच दोन संघांची मॅच लागली. मी तासभर आधी गेलो. गॅलरीच्या पायऱ्या उंच, ओबडधोबड. मी खिशात हात घालून चढलो, म्हणजे कुणाला धरायचा मोह नको. मध्ये एकदाही थांबलो नाही. वर पोचून माझ्या जागेवर उभा राहिलो, आणि इतकं बरं वाटलं की क्षणभर मेहुणाही आवडला.

तो खाली दिसला, पलीकडच्या गॅलरीकडं निघालेला. मी हाक मारली. त्यानं वर बघितलं, ओळखलं, आणि चढायला लागला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान माणूस. निम्म्यात थांबला, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला, गालातला मावा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला केला. मी ते सगळं डोळे भरून बघितलं. अकरा महिन्यांचं व्याज मला तिथं मिळालं.

तो वर आला. मी सावकाश विचारलं, “खुर्ची आणलीस का?”

“कुठली खुर्ची?”

“म्हाताऱ्यांच्या लाइनीतली.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, कुणी म्हातारं सोबत आलंय का म्हणून.

“कुणाला पायजे खुर्ची, दाजी?”

मी त्याला सगळं सांगितलं. डबा, प्लॅस्टरवरची टकटक, हलगी, मुंडकं, हसणारी माणसं. शब्दन् शब्द. तो मन लावून ऐकत होता, दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसा.

“मी म्हणलो व्हय असं? फ्लेक्सचं आठवतंय मला. पण हे न्हाय.”

“म्हणालास. सगळ्यांच्या देखत.”

“आन् तुम्ही ते धरून मावा सोडलासा, पाया सोडलासा, वर्षभर ह्यो घोटा घोटत बसलासा?”

खाली संघ मैदानात येत होते.

त्यानं माझ्या पायाकडं बघितलं, पहिल्यांदाच नीट. मग तोंडातलं सावरत म्हणाला, “म्हणजे दाजी, मी त्या दिवशी गप बसलो असतो, तर तुम्ही अजून खाटंवरच लोळत पडला असतासा.”