फोनवरचा थोरला

पुलगावच्या सुमित्राबाई दर रविवारी चर्चमधल्या लहान मुलांना गोष्ट सांगतात. याकोबाची गोष्ट त्यांची विशेष लाडकी. आंधळ्या इसहाकाला फसवून धाकट्या याकोबाने थोरल्याचा आशीर्वाद लाटला, आणि हे सगळं जुळवून आणलं त्याच्या आईने, रिबकेने. एका मुलीने विचारलं, हे पाप नाही का? बाई म्हणाल्या, आईने केलं तर नाही. धर्मशास्त्रातला अवघड प्रश्न इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सोडवला असेल.

घरीही त्यांचा सराव चालू असतो. नवरा रूपराव, शुगरने डोळे गेलेले. थोरला चंद्रभान पुण्याला नोकरीला लागला आणि हळूहळू फोन करायचं विसरला. धाकटा विवेक घरीच. बापाला अंघोळ घालतो, जेवू घालतो, वर शिव्याही खातो. रविवारी प्रार्थनेनंतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवायचा, ही त्या घरची रीत. थोरल्याचं डोकं पुण्याला, म्हणून रूपराव जेवायलाच बसेनात. तेव्हा बाईंनी विवेकला एक मोबाइल देऊन परसात पाठवलं, तिथून घरातल्या मोबाइलवर चंद्रभान होऊन बोलायला. भावाभावांचे आवाज सारखेच. तेव्हापासून रूपराव मोबाइलवर हात ठेवून थोरल्याला आशीर्वाद देतात आणि पोटभर जेवतात. देवाने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या रविवारी मात्र प्रार्थना लांबली. "घर तुह्यंच हाय, चंद्रभान," रूपराव म्हणाले. "विवेकचं काय, तो फुकट बसून खाते."

 परसातून फोनवरचा चंद्रभान म्हणाला, "मले नको, बाबा. त्याले द्या. तो तुमचं सगळं करून राह्यला."

रूपराव मोबाइलकडे झुकले. "किती मोठं मन रे तुह्यं. म्हणूनच तुले देतो." आणि मोबाइलवर दोन्ही हात ठेवून त्यांनी घर देऊन टाकलं.

सुमित्राबाई उठल्या. विवेकला दंडाला धरून आत आणलं आणि त्याचं डोकं बापाच्या हाताखाली दिलं.

"हे तुमचं मोठं मन, अजी. चंद्रभानचा फोन तर कवाचाच बंद हाय."

रूपरावांची बोटं केसांतून फिरत कानापाशी थांबली. "पन आशीर्वाद त देऊन झाला," ते म्हणाले. "त्याच्या नावानं."

एकदा दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, हे मुलांना शिकवणाऱ्या बाईच. 

"राहू द्या मंग त्याच्याच नावानं," त्या म्हणाल्या. "हात तेवढा काढू नका."