अक्काच्या ट्रेलरचे मागचे दिवे

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून ती एचएसआर लेआउट वस्तीत संध्याकाळी थालीपीठ आणि चहा विकायची. गेल्या वर्षी एका सिग्नलला तिने ब्रेक दाबला आणि मागून बाइकवर येणारा तरुण ट्रेलरवर आदळला. ट्रेलरचा मागचा दिवा लागलाच नव्हता. बल्ब कधी गेला होता कुणास ठाऊक. तो वाचला, पण पायाने कायमचा अधू झाला. त्यानंतर अक्काने ट्रेलर बाहेर काढला नाही. तुझी काही चूक नव्हती, तोच वेगात होता, असं घरातले आणि शेजारपाजारचे तिला सांगत राहिले. ती मान हलवायची आणि उठून आत जायची.

मला असल्या गोड बोलण्याचा राग येतो. दिवा नव्हता ना, मग दिवा करू, असं मी म्हटलं. मारतहळ्ळीच्या ऑफिसात माझा दिवस सर्किटांशी डोकं फोडण्यातच जातो, तेच घरी येऊन करायला लागले. ट्रेलरच्या रुंदीएवढ्या लाल एलईडीच्या दोन पट्ट्या केल्या: खालची रात्री कायम पेटणारी, वरची फक्त ब्रेकची. दोन्ही कडांना इंडिकेटर. पिकअपचे स्वतःचे मागचे बल्ब काढून तिथेही एलईडी बसवले. पिकअपमधली वीज ट्रेलरला मिळते ती सात पिनांच्या एका प्लगमधून, आणि प्रत्येक पिनेचं काम वेगळं. एक वायर चुकली की डावीकडे वळताना ब्रेकचा दिवा लागणार. म्हणून मी एकेक वायर ओढून बघत होते, दिवा लावून बघत होते, पुन्हा ओढत होते. अक्का शेजारी स्टूल टाकून बसायची. एकदाच बोलली. आयुधपूजा झाली की गाडी काढते, तू स्कूटरवर मागे राहा, आणि या वेळी दगा झाला तर ट्रेलर विकून टाकणार.

आयुधपूजेला आईने गाडीचं सगळं यथासांग केलं. हार घातले, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. निघायच्या आधी भर उन्हात आम्ही दिवे तपासले. सगळे लागले.

हेल्मेटमध्ये इअरफोन घालून मी स्कूटरवरून ट्रेलरच्या मागे चालले होते. फोन चालूच होता. अक्का ब्रेक दाबायची आणि विचारायची, दिसला का. मी दिसला म्हणायचे. आउटर रिंग रोडला गर्दी नेहमीसारखी तुंबलेली. पाऊल पाऊल गाडी सरकत होती आणि प्रत्येक पावलाला तोच प्रश्न. अंधार पडू लागला तसे अक्काने दिवे लावले.

आणि मला वरची पट्टी दिसली. मंद, पण पेटलेली. गर्दी जरा सुटून गाडी वेगात निघाली होती, आणि ब्रेकची पट्टी तशीच लाल.

पाय ब्रेकवर आहे का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. का, म्हणून तिने विचारलं. सांगितलं तर ती इथेच हातपाय गाळेल, वर्षभराची सगळी मेहनत पाण्यात. नाही सांगितलं तर? कायम पेटलेल्या ब्रेकच्या दिव्याकडे मागचा लक्ष देत नाही. इतक्यात एक डिलिव्हरीवाला बाइक घुसवून माझ्या आणि ट्रेलरच्या मधे आला, अगदी हात पुढे केला तर ट्रेलरला लागेल इतका जवळ.

"अक्का, ब्रेकचा दिवा विझत नाहीये. डावीकडे घे, सावकाश. एकदम दाबू नकोस."

मग डावा इंडिकेटर लागला. मी जोरजोरात हॉर्न वाजवायला लागले. डिलिव्हरीवाल्याने मागे वळून मला चार शब्द ऐकवले, पण उजवीकडून निघून गेला. गाडी सर्व्हिस रोडला जाऊन थांबली.

अक्का उतरून मागे आली. दिवे बंद करून मी प्लग उपसला. आत पिनांवर ओली हळद, तिच्यावर कुंकू. सकाळी प्लग मोकळा लोंबकळत होता. गाडीला जोडलेलं सगळंच पुजायचं, म्हणून आईने त्यालाही मनापासून बोट लावलं होतं. त्या ओल्या हळदीतून खालच्या पट्टीची वीज वरच्या पट्टीच्या पिनेत थेंबथेंब पाझरत होती. जुन्या बल्बला तेवढी पुरली नसती, एलईडीला पुरते; दुपारच्या उन्हात तो मंद उजेड दिसला नव्हता, एवढंच. माझं डोकं फिरलं. आईला फोन लावून फाडफाड बोलणारच होते, पण अक्काने माझा हात धरला. "स्वल्प थांब. आधी पूस."

रुमालाने आणि केसातल्या पिनेने खरवडून मी प्लग कोरडा केला आणि परत बसवला. दिवे लावले. वरची पट्टी काळी राहिली. चल, बस, असं मी म्हटलं, पण अक्काने किल्ली माझ्यापुढे धरली.

"तू बस. मला मागून बघायचंय."

एवढी वर्षं ट्रेलर ओढला, पण अंधारात तो मागून कसा दिसतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ती चालत बरीच मागे गेली. आरशात दिसेना, इअरफोनमध्ये फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. लाव म्हणाली, मी ब्रेक दाबला. सोड म्हणाली, सोडला. पुन्हा लाव. पुन्हा सोड. किती वेळा, मी मोजलं नाही. मला भीती वाटायला लागली होती. शेवटी लाव म्हणाली आणि सोड म्हणालीच नाही.

"त्याला दिसलं असतं गं," ती म्हणाली. "दिवा असता तर त्याला दिसलं असतं."

ती रडत होती, त्या अपघातानंतर पहिल्यांदाच. तुझी चूक नव्हती असं मी म्हटलं नाही. ब्रेकवर पाय तसाच दाबून धरून ती येईपर्यंत बसून राहिले.